टिअर्नीचा वाटा

मार्लबेक, ४ जानेवारी

लोर्कन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडून टाकलं नसशील, असं धरून लिहिते. टाकलं असशील तर माझा एक स्टँप वाया गेला, एवढंच. तुझा घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून तुझ्या क्लबच्या नावाने पाठवते आहे.

नॉर्मन गेला हे तुला कळलं होतं, हे मला ठाऊक आहे. फुलांवर नाव नव्हतं, पण मार्लबेकमध्ये एवढी महागडी फुलं कुणी कुणाला पाठवत नाही. तेव्हाच आभाराचं लिहायला हवं होतं. पण नवरा जाऊन महिना झाला नाही तोच त्याचं फर्मान मोडायचं, हे काही मला जमलं नाही. फर्मान तुला माहीतच असेल. त्या कपच्या मॅचला तू दुसऱ्या क्लबचा शर्ट घालून आलास, आमच्यावर गोल केलास आणि आमच्या स्टँडसमोर उभा राहून ओठांवर बोट ठेवलंस. घरी आल्यावर नॉर्मनने पुढच्या खोलीतला तुझा फोटो उतरवला आणि या घरात टिअर्नीचं नाव निघता कामा नये असं मला बजावलं. त्याआधी तासभर त्याच स्टँडमधून तुझ्यावर नाणी पडत होती आणि तुझ्या आईवर रचलेलं गाणं चाललं होतं. ते मात्र नॉर्मनच्या कानावर आलं नव्हतं. आजही विचार, स्टँडमधल्या एकाच्याही कानावर आलं नव्हतं.

आता नॉर्मन नाही आणि फर्मानही नाही. लिहिण्याचं कारण एवढंच. मला तुझ्याकडून काही नको आहे.

इकडची खबर म्हणशील तर वाईट आहे. पोरांना नोव्हेंबरपासून पगार नाही. तुझ्या खोलीत सध्या एक वेल्श गोलकीपर राहतो. क्लब मला त्याच्या राहण्या-खाण्याचं भाडं देत नाही, आणि जेवायला बसला की त्या बिचाऱ्याला इतकी लाज वाटते की तो एकच बटाटा घेतो. मग मी ओरडते आणि तो चार घेतो. मैदानावरची माझी चहाची खोली चालू आहे, पण बेकरीतून गरम पेस्टी आणणारा आता रोख घेतल्याशिवाय गाडीचं दार उघडत नाही. टॅक्सवाल्यांनी क्लब मोडीत काढावा म्हणून कोर्टात अर्ज केलाय. तारीख दहा फेब्रुवारीची आहे. साडेचार लाख पौंड भरले तर वाचलो, नाहीतर सव्वाशे वर्षांचा क्लब संपला. लोक दर शनिवारी गेटवर बादल्या घेऊन उभे राहतात. बादलीत काय जमतं, ते तू पाहिलेलं आहेस.

चेअरमन अजून क्रॉपरच आहे. किचनच्या फर्निचरची दुकानं अजून चालवतो, आणि हसतोही तसाच.

जेवत जा नीट. एवढंच.

आयव्ही रॅम्सडेन


मार्लबेक, १३ जानेवारी

लोर्कन,

तुझं उत्तर नाही, आणि मी ते धरलंही नव्हतं. पण गप्प बसवत नाही, कारण इथे एक विचित्र प्रकार सुरू झालाय आणि तो तुझ्याविषयी आहे.

तुर्कस्तानातल्या कुठल्याशा क्लबाने तुझ्यासाठी चाळीस लाख देऊ केलेत आणि तू नाही म्हणालास, हे पेपरात आलं. त्या दिवशी दुपारपर्यंत गावात कुणाला त्याचं काही नव्हतं. संध्याकाळी कुणाला तरी आठवलं की तुला विकताना आपण एक अट घालून ठेवली होती: पुढे तू जेव्हा जेव्हा विकला जाशील, त्या पैशातला शंभरामागे पंधरांचा वाटा मार्लबेकचा. लोकांनी पबमध्ये बोटांवर हिशेब केला. सहा लाख. कोर्टाचे साडेचार फिटून वर उरतात.

दुसऱ्या दिवसापासून तू गावाचा लाडका झालास. मी थट्टा करत नाही. ट्रेवर मॉफिट, तो स्टँडमधला ढोलवाला, ज्याने तुझा शर्ट गेटसमोर जाळला होता, तो माझ्या दारात आला आणि विचारायला लागला, की लोर्कनला कुठली पेस्टी आवडायची. मागच्या शनिवारी स्टँडवर पंचवीस हात लांब कापड लावलं होतं, त्यावर एवढंच: ‘लोर्कन, जा’. हीच माणसं हेच शब्द आधीही ओरडत होती, फक्त तेव्हा तू आम्हाला सोडून निघाला होतास आणि ती शिवी होती. आणि तू सतरा वर्षांचा असताना तुझ्यावर जे गाणं केलं होतं ना, ते साधं, चार ओळींचं, ते म्हटलं त्यांनी. पूर्ण मॅचभर. आपण तीन गोलांनी हरत होतो, कुणाचं लक्ष नव्हतं. चार हजार माणूस आलं होतं. या मोसमात एवढी गर्दी नव्हती. गेटचे पैसे क्रॉपरने जातीने मोजून नेले.

आता एक गोष्ट लिहिते. तुला माहीत नसेल तर माहीत असावी. तीन मोसमांपूर्वी क्लबच्या बारमध्ये सभासदांची सभा झाली होती. आपण तेव्हा वरच्या श्रेणीत चढायच्या बेतात होतो आणि स्ट्रायकर नव्हता. क्रॉपर उभा राहिला आणि म्हणाला, टिअर्नीतला आपला वाटा लंडनची एक पेढी विकत घ्यायला तयार आहे, साठ हजार आजच्या आज देते. तुम्हाला त्याच्या पैशाची वाट बघत बसायचंय का? मागून कुणीतरी ओरडलं की त्या हरामखोराच्या पैशाला वास येतो. सगळ्यांनी हात वर केले. मी किचनच्या खिडकीतून बघत होते. नॉर्मनने दोन्ही हात वर केले होते. मग टाळ्या. त्या साठ हजारात जो स्ट्रायकर आला, त्याने चार गोल केले आणि गुडघा धरून घरी बसला.

ही सभा आज कुणालाच आठवत नाही असं नाही. आठवते, पण पुसट. मी शनिवारी क्रॉपरला चहाच्या खोलीत गाठलं आणि तोंडावर विचारलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, “आयव्ही, तो करार एका मोसमापुरता होता. कधीच संपला. वाटा आपलाच आहे, माझा शब्द आहे तुला.” मग एक पेस्टी घेतली, नोट दिली आणि सुटे परत न घेता गेला. क्रॉपरने सुटे सोडलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

ट्रेवरने तुला पाठवायला एक पत्र लिहून आणलं होतं, त्यावर मी सही करायची होती. त्यात ‘तुझ्या दुसऱ्या आईचे अश्रू’ असं काहीतरी होतं. मी ते चुलीत घातलं. मी तुझी आई नाही आणि रडतही नाही. तू जा किंवा राहा, ते तुझं तू बघ.

आयव्ही रॅम्सडेन


मार्लबेक, २० जानेवारी

लोर्कन,

परवाचं तुझ्या दारासमोरचं सगळं मला कळलं. मी नव्हते. ट्रेवरने बस ठरवली, तो पूर्वी कामाला होता त्याच बस-डेपोची. सहा तासांचा प्रवास करून साठ माणसं तिकडे समुद्रावर आली, ढोल घेऊन. पत्ता कुठून काढला देव जाणे.

मला जे कळलं ते असं. तुझ्या गल्लीत पाऊस होता. निळ्या दाराचं घर. ट्रेवरने आधी टोपी काढली आणि मग ढोल वाजवला. शेजारच्या बाईने खिडकी लावून घेतली. तुझी बायको ओर्ला दार उघडून उभी राहिली आणि पांढरी पडली, कारण तिला वाटलं लोक मारायला आलेत. तिच्या पायाला मिठी मारून तुझी लहानगी. सगळे तुझं गाणं म्हणत होते, आणि ती पोर आवाजाकडे बघतच नव्हती. एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, ते कसं उघडतं, कसं मिटतं, आणि खदखदून हसत होती. तेव्हा पुढच्या रांगेतली दोन-चार माणसं गप्प झाली. मागच्यांना काही दिसलं नाही, ते म्हणत राहिले. तू वरच्या मजल्यावर पडद्यामागे होतास. खाली आला नाहीस. बरं केलंस.

बसमध्ये परतताना ट्रेवरने ढोलावर कोट टाकून ठेवला म्हणे.

मी विषय टाळत आले आहे, पण आता सरळ लिहिते, कारण दहा तारीख जवळ आलीये आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा बाजार एकतीसला बंद होतो. काल वेल्श पोराने सामान बांधलं. त्याला तिसऱ्या श्रेणीतल्या कुणीतरी बोलावलंय. जाताना त्याने पलंग आवरला आणि उशीवर वीस पौंड ठेवले. तीस वर्षं त्या खोलीत कुणी ना कुणी राहत आलं आहे, आणि काल पहिल्यांदाच मी दोन माणसांचा स्वयंपाक करून एकटीच जेवले. क्लब गेला तर मैदान जाईल, तिथे घरं उभी राहतील, आणि मी कुठे जाऊ शनिवारी? मंडईतून फिरून येऊ? मला विचारशील तर मला फुटबॉलमधलं काही समजत नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे नॉर्मनने मरेपर्यंत समजावलं. पण तीन वाजता त्या खिडकीतून वाफ बाहेर जाते आणि कुणीतरी म्हणतं, ‘आयव्ही, दोन दे’, एवढ्यावर माझा आठवडा उभा आहे. माझ्यासारखे तिथे पुष्कळ आहेत. ते बोलून दाखवत नाहीत, ढोल वाजवतात.

तेव्हा विचारते. जाशील का? तिकडे पैसा दुप्पट आहे असं सगळे म्हणतात. तीन वर्षांच्या कराराचा तर प्रश्न आहे.

आयव्ही


मार्लबेक, २४ जानेवारी

लोर्कन,

मागचं पत्र विसर. त्यातलं शेवटचं तर पार विसर.

ओर्लाचं पत्र आज आलं. तिने रागावून लिहिलं असतं तर सोसलं असतं. तिने फार नीट लिहिलंय. पहिलीच ओळ अशी, की बसच्या खिडकीत डोक्याला हिरवा रुमाल बांधून बसलेली बाई तुम्हीच ना, लोर्कनने वरून ओळखलं. मग खोटं कशाला बोलू. होते मी. सहा तास पेस्टींचा डबा मांडीवर घेऊन बसले होते, तुझ्यासाठी, आणि दाराशी पोचल्यावर उतरायचं धाडस झालं नाही. ट्रेवर दोनदा बोलवायला आला. मी म्हटलं पाय आखडलेत. पाय काही आखडले नव्हते.

ओर्लाने तुमच्या पोरीविषयी, नीवविषयी लिहिलं. जन्मापासून ऐकू येत नाही, कानात ते यंत्र बसवलंय, आणि तिथल्या एका बाईकडे शिकवणी आहे. त्या बाईच्या हातून पोर आता शब्द काढायला लागली आहे. गेल्या महिन्यात ‘बाबा’ म्हणाली. तुर्कस्तानात हे सगळं नव्याने, दुसऱ्याच भाषेत सुरू करायचं म्हणजे झालेलं सगळं मातीत घालायचं. म्हणजे तू गेलास तर एकटा जाणार. तुझ्या नकाराचं कारण हे होतं, आणि आम्ही इकडे म्हणत होतो की टिअर्नीला मस्ती आलीये.

मी पत्र वाचून झाल्यावर तशीच उठून ट्रेवरकडे गेले आणि त्याला ते वाचून दाखवलं. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, “आम्हाला काय माहीत, आयव्ही?” मी म्हटलं आता माहीत झालं ना. तर म्हणाला की हो, पण क्लबात साठ माणसं कामाला आहेत, त्यांनाही पोरं आहेत. त्याचं चूक नाही. कुणाचंच काही चूक नाही, आणि तरी हे सगळं किती घाणेरडं आहे.

तू जाऊ नकोस. मी स्वच्छ लिहिते आहे, म्हणजे नंतर तुला असं वाटायला नको की ही बाई तोंडाने एक म्हणत होती आणि मनातून दुसरं. मनातून मला क्लब हवा आहे. फार हवा आहे. पण तुझ्या पोरीच्या तोंडातून शब्द काढून घेऊन नको. क्लब बुडायचा असेल तर आमच्या कर्माने बुडू दे. आम्हीच क्रॉपरला डोक्यावर बसवलंय.

पेस्टी मी परतीच्या वाटेवर सगळ्यांना वाटल्या. गार झाल्या होत्या.

आयव्ही


मार्लबेक, १ फेब्रुवारी

लोर्कन,

रात्रभर झोप नाही. गावात कुणालाच नाही. पबवाल्याने मध्यरात्रीनंतरही दार लावलं नाही आणि पोलिसाने त्याच्याकडेच एक बिअर घेतली. टीव्हीवर तू तो नवा शर्ट हातात धरून उभा होतास. तू हसत नव्हतास, पण आमच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसेल. सकाळी चर्चवाल्यांनी घंटा वाजवली. आजवर फक्त लग्नाला आणि युद्ध संपलं तेव्हा वाजवली होती म्हणतात. ट्रेवर माझ्या दारात बसून रडला. साठ वर्षांचा माणूस, ढोलाएवढं पोट, आणि पायरीवर बसून हुंदके.

मला आनंद झाला, हे कबूल करते. आणि आनंद झाल्याची लाज वाटते, तेही करते.

परवा रात्री तू फोन केलास तेव्हा मी नीट बोलले नाही. इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि मला काही सुचेना. तू विचारलंस, “मिसेस रॅम्सडेन, ते अजून शिव्या देतात का मला?” मी म्हटलं, नाही रे, आता गाणं म्हणतात. तू म्हणालास, “कुठलं?” मी म्हटलं, जुनं, पहिलं. तू तिकडे दार लावून घेतलंस, ते मला ऐकू आलं. आणि मग म्हणालास, “मग जातो.”

एवढ्यासाठी गेलास तू. मी तेव्हापासून हेच घोकते आहे. चाळीस लाखांसाठी नाही, दुप्पट पगारासाठी नाही. मी तेव्हा ओरडून सांगायला हवं होतं की ओर्लाचं पत्र आलंय, जाऊ नकोस म्हणून मी लिहिलंय, ते मिळालं का? पण मी म्हटलं, ‘गरम कपडे घेऊन जा’. आणि तू फोन ठेवलास.

तिकडे डोंगराळ भाग आहे म्हणे आणि बर्फ पडतो. ओर्ला दर महिन्याला येऊ शकेल का? नीवला कॅमेऱ्यावर दिसत जा. तिला ओठ वाचता येतात, ते तर आम्ही पाहिलंच.

देव तुझं भलं करो. गाव तुझं ऋणी आहे, हे ट्रेवरने माझ्याकडून लिहवून घेतलं. या वेळी चुलीत घातलं नाही.

आयव्ही


मार्लबेक, ७ फेब्रुवारी

लोर्कन,

आज इथे ऊन पडलंय. मी पडदे धुतले. वरची खोली झाडून घेतली, कोळ्यांनी कोपरे भरले होते. गोलकीपरने खिडकीची कडी मोडून ठेवली होती, ती शेजारच्या माणसाने बसवून दिली.

तिकडे भात फार खातात असं वाचलं. तुला भात आवडत नाही. सांगून ठेव त्यांना.

आणखी काही लिहायचं होतं. आज लिहवत नाही.

आयव्ही


मार्लबेक, १२ फेब्रुवारी

लोर्कन,

तुझं कार्ड काल आलं. त्या मिनारांच्या चित्राचं. मागे दोनच प्रश्न: पैसे पोचले का, आणि शनिवारी आपली मॅच कुणाशी? तू ‘आपली’ लिहिलंयस. ते वाचून मी जिन्यातच बसले.

तुला कुणा पेपरवाल्याने सांगण्याआधी मी सांगितलेलं बरं, म्हणून लिहिते. सात तारखेला सांगायचं होतं. तेव्हा पडद्यांविषयी लिहीत बसले.

पैसे पोचले नाहीत. आमच्याकडे पोचणारच नव्हते. तुझ्यातला आमचा वाटा तीन मोसमांपूर्वी साठ हजारांना कायमचा विकला गेला होता. एका मोसमापुरता वगैरे काही नव्हता. तुझे सहा लाख सरळ लंडनच्या त्या पेढीकडे गेले. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांनी विकत घेतलं होतं. आम्ही टाळ्या वाजवून विकलं होतं. कोर्टाने हिशेब तपासायला एक बाई पाठवली होती, तिने सहा तारखेला बारमध्ये उभं राहून दोन वाक्यांत हे सांगितलं. कुणी ओरडलं नाही. तिला वाटलं असेल की कुणाला समजलं नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं.

क्रॉपरला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तू जाशील या आशेवर जानेवारीत दर मॅचला चार-चार हजार माणसं येत होती. ते पैसे त्याने उचलले, बादल्यांतलेही उचलले. आता त्याच्या दुकानांना कुलूप आहे आणि फोन लागत नाही. मला त्याने खांद्यावर हात ठेवून शब्द दिला होता, तो मी तुला लिहून कळवला. तू त्यावर किती विश्वास ठेवलास मला माहीत नाही. माझ्यावर ठेवला असशील, याचीच भीती वाटते.

दहा तारखेला कोर्टात पाच मिनिटं लागली. ट्रेवर गेला होता, कोट घालून. न्यायाधीश चांगला माणूस होता म्हणाला, त्याने वर बघून विचारलं की कुणाला काही म्हणायचंय का. क्लब मोडीत निघाला. उरलेल्या मॅच रद्द, झालेल्या मॅचचे निकालही खोडून टाकणार. म्हणजे या वर्षी आपण खेळलोच नाही असं धरायचं.

इथवर वाचलंस तर पुढचंही वाच, कारण मला ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. त्या संध्याकाळी सगळे पबमध्ये होते, मीही गेले. घरात बसवेना. तासाभराने कुणीतरी म्हणालं, काही म्हणा, टिअर्नीला तर त्याचे मिळाले. दुसरा म्हणाला, पहिल्या आठवड्यातच सही केली असती तर वाट्याचं तेव्हाच उघडं पडलं असतं आणि क्लब घ्यायला एखादं गिऱ्हाईक तरी आलं असतं, पण त्याने भाव खाल्ला. ट्रेवरने मान डोलावली. माझ्या पायरीवर रडलेला ट्रेवर. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, “त्या सभेत तुझा कुठला हात वर होता, उजवा की डावा?” त्याने बिअरकडे बघितलं. मग दाराजवळच्या पोरांनी गाणं सुरू केलं. पहिलं नाही. तुझ्या आईवरचं. क्रॉपर सापडत नाही आणि तूही इथे नाहीस, पण तुझ्यावर गाणं तरी तयार आहे. मी रुमाल बांधला आणि बाहेर पडले.

हे तुला लिहू नये असं मला दोन दिवस वाटत होतं. पण तू ज्याच्यासाठी गेलास ते तुला मिळालं असं समजून तू तिथे तीन वर्षं काढावीस, हे मला पटलं नाही. मग खरंखोटं तुझ्या कानावर तुकड्यातुकड्याने येत राहणार. एकदाच आलेलं बरं.

मी तुझी क्षमा मागत नाही. कुणाच्या वतीने मागू? नॉर्मनच्या दोन हातांच्या? ओर्लाला लिहायला घेतलं होतं, नीवच्या नावापर्यंत आले आणि पुढे जमलं नाही. करार मोडता येत असेल तर मोड आणि घरी जा. नसेल मोडता येत तर निदान आमच्यासाठी तिथे चांगला खेळू नकोस. स्वतःसाठी खेळ. आम्हाला पाहायला मिळणार नाही, आणि मिळू नयेच.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. शनिवारी आपली मॅच कुणाशीच नाही.

आयव्ही